तीन हात सावली

डोळे मिटायची गरज नाही. उघडेच असू द्या.

समोर रत्नागिरीजवळची भाट्याची खाडी आहे. मे महिना आहे. सकाळचे दहा वाजलेत.

काजळी नदी सह्याद्रीतून उतरते, साखरप्यावरून, आंजणारीच्या पुलाखालून इथवर येते आणि समुद्राला मिळते. त्या तोंडाच्या थोडं आत, राजिवड्याच्या बाजूला, एक लहान होडी उभी आहे. तिच्याकडे बघा.

नांगर टाकलेला आहे. पण दोर सैल आहे. भरती संपली, ओहोटी अजून लागायची आहे. पाणी दोन्हींच्या मध्ये थांबलंय.

तुम्हीही थांबा. एक श्वास आत घ्या. खारट, थोडा चिखलाचा, थोडा ओल्या जाळ्याचा वास. सावकाश सोडा.

होडीत एक माणूस गळ टाकून गरवत बसला आहे. तंगूस त्याच्या तर्जनीवरून पाण्यात गेलाय. तो पाण्याकडे बघत नाही. सगळं लक्ष त्या बोटाच्या पेरावर.

तुमच्याही बोटाच्या पेरावर लक्ष न्या. क्षणभर तिथेच ठेवा.

आता वर बघा. त्याच्या डोक्यावर छप्पर आहे.

छप्पर म्हणजे काय, तर चार काठ्या आणि एक हिरवी जाळी. हापूसच्या कलमांच्या रोपवाटिकेत बांधतात तीच जाळी, अर्धं ऊन अडवणारी, अर्धं आत सोडणारी. काठ्या चिव्याच्या बांबूच्या, भरीव. होडीच्या दोन्ही काठांना आतून प्लास्टिकच्या पाइपाचे वीतभर तुकडे बसवलेत, त्यांत काठ्या नुसत्या खोचल्या आहेत. एका बोल्टाखाली गंजाचा तांबूस ओघळ उतरलाय. शेजारचा बोल्ट पितळी आहे, तो हिरवट पडलाय.

त्या ओघळावर नजर ठेवा. घाई नाही.

बसायच्या फळीपासून जाळी तीन हात उंच आहे. लांबीही तीनच हात, होडीच्या मागच्या भागापुरती. पुढचा सगळा भाग उघडा आहे, कारण तिथे उभं राहून पाग फेकायचा असतो. पाग फेकताना माणूस कमरेत वळतो, दोन्ही हात खांद्यावर जातात, जाळं हवेत गोल उघडतं. तेवढी मोकळी जागा छपराने सोडलीच पाहिजे. मला हे छपराहूनही शहाणपणाचं वाटतं.

पुन्हा त्या माणसाकडे बघा. छप्पर डोक्यावर आहे. पण तो उन्हात बसलाय.

सावली शोधा.

ती पाण्यावर आहे. होडीच्या पश्चिमेला, दोन हात लांब, चौकोनी, हलती. सूर्य अजून पूर्वेकडून तिरका येतोय, आणि सावली होडी सोडून पलीकडे पडलीय. तिच्यात दोन-तीन बोटभर मासे येऊन थांबलेत. आज सकाळी छपराचा पहिला उपयोग त्यांना.

त्या पाण्यावरच्या सावलीजवळ बसा. काही करू नका. श्वास आत. श्वास बाहेर.

वारा नाही. पहाटेपासून डोंगराकडून येणारा मतलई आता पडला आहे. समुद्रावरचा खारा वारा उठायचा आहे. रत्नागिरीत उकाडा सोसवत नाही तो याच वेळेला. मार्चमध्ये तर एखाद्या दिवशी मतलई हट्टाने वाहत राहतो, खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर येऊच देत नाही. कोकणातले सगळ्यात तापलेले दिवस ते.

कपाळावर घाम येतो. येऊ द्या. त्याचा एक थेंब भुवईपर्यंत कसा उतरतो, ते बघा.

पलीकडे टेकडीवर थिबा राजवाड्याची लाल इमारत आहे. 1910-11 मधली. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी गादीवरून उतरवून रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. राजवाड्याला उतरती छपरं आहेत, रुंद सज्जे आहेत. खाली खाडीत शिडाच्या होड्या असतील तेव्हा.

शिडाची होडी मनात आणा. डोलकाठी, तिरकं परबाण, फुगलेलं कापड. आणि त्या कापडाखाली, वाऱ्याच्या आडोशाला, एक मोठी सावली. तिच्यासाठी वेगळं काही बांधावं लागत नव्हतं. मग इंजिन आलं, शीड उतरलं, आणि सावलीही त्याच्याबरोबर उतरली. मिरकरवाडा बंदरातल्या मोठ्या ट्रॉलरांना केबिन मिळाली. लहान होडीवर ऊन तसंच राहिलं.

या तीन हात जाळीकडे आता परत या.

सावलीकडे बघा. ती सरकलीय का?

सरकताना दिसत नाही. सरकलेली मात्र दिसते. मघा दोन हात पाण्यात होती, आता तिची कड होडीच्या काठाला लागलीय. लाकडावर चढलीय. माशांना सोडून ती आत येतेय.

तिच्याबरोबर राहा. श्वास आत. श्वास बाहेर.

आधी तिच्या जाळीदार कडेने डबा झाकला. मग पाण्याची बाटली. मग त्याचा डावा गुडघा. त्याने गुडघा हलवला नाही. त्याला कळलंय, त्वचेला कळतं.

तुमच्या गुडघ्यावर अशी सावली येते आहे, असं समजा. आधी थोडी. मग थोडी जास्त. तिथली त्वचा कशी शांत होते, ते ऐका.

आणि आता गालावर काहीतरी. हलकं, गार. समुद्राकडून.

खारा वारा आला.

होडी हळूच वळते. नाळ समुद्राकडे होते, दोर ताठ होतो. जाळी एकदा वर उचलली जाते, खाली बसते आणि बारीक गुणगुणायला लागते. तो आवाज ऐका. वारा जाळीच्या भोकांतून आरपार जातोय, म्हणून एवढाच आवाज. तिथे निळी ताडपत्री असती, तर ती फडाफडा वाजली असती आणि होडीला नांगरासकट ओढत राहिली असती. वाऱ्याला कापड कशासाठी बांधलंय ते कळत नाही. कापडाने वारा अंगावर घेतला की वाऱ्याच्या दृष्टीने ते शीडच. ताडपत्रीखाली हवाही कोंडते, सावली असून भाजतं. बाजारात घडीची तयार छपरंही मिळतात, नळ्यांची, पट्ट्यांची. हौशी लोकांच्या नौकांवर ती छान दिसतात. पण साधी लोखंडी नळी गंजायला खाऱ्या हवेला फार दिवस लागत नाहीत, आणि पाग फेकायच्या वेळी तिचे स्क्रू सोडत कोण बसणार?

वारा वाढतो. माणूस डाव्या हाताने दोरीचं एक टोक ओढतो. एकच. सुरगाठ सुटते. समोरची बाजू खाली येते, तो जाळी अर्धी गुंडाळतो, पुन्हा बांधतो. तंगूस उजव्या तर्जनीवर तसाच.

गुणगुण थांबली. होडी स्थिर झाली. दीड हात सावली उरली. त्यात त्याचं डोकं आणि खांदे मावतात.

पुरे आहे.

साडेबारा वाजून गेलेत. रत्नागिरी 17 अंश उत्तर अक्षांशाला जवळजवळ टेकलेली आहे, म्हणून 8 मेच्या आसपास या वेळी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच मुरते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा असंच घडतं, पण तेव्हा ढगांमुळे बहुधा कुणाला दिसत नाही.

आज दिसतंय. छपराची सावली छपराच्या बरोबर खाली आहे. माणूस सावलीच्या बरोबर मध्ये.

इथे थोडं थांबा.

वर जाळी. खाली पाणी. पाण्यावरून उलटून येणारं ऊन त्याच्या हनुवटीवर, जाळीच्या आतल्या बाजूवर हलतंय. ते छपराने अडत नाही. त्यासाठी त्याने गळ्याभोवती पंचा गुंडाळलाय.

डिसेंबरात याच छपराची भर दुपारची सावली अडीच हात उत्तरेला पडेल. तेव्हा त्याला जागा बदलून बसावं लागेल. आणि त्याआधी पावसाळा आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. कोकणात पावसाच्या तोंडावर अंगणातला मांडव उतरवतात, तशीच ही जाळीही उतरेल, काठ्या पडवीत जातील.

अजून एक श्वास. मग हळूहळू तुमच्या जागेवर परत या.

तुमची स्वतःची लहान होडी असेल आणि तिच्यावर सावली करायची असेल, तर मोजपट्टी आधी काढू नका. सकाळी दहा ते दुपारी एक होडीत नुसते बसा, ऊन कुठून येतं आणि वारा कधी उठतो ते अंगावर घ्या. मग माप घ्या, गरजेपेक्षा थोडं लहानच. आणि दोऱ्यांना सुरगाठच मारा, एका हाताने सुटेल अशी.