जुईचा वेल आणि फळाची घाई



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 47व्या श्लोकावर. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तरी एक शंका राहतेच. फळाकडे बघायचंच नाही, तर जीव ओतून काम होणार कसं? "होईल ते होईल" म्हणत माणूस ढिला नाही का पडणार?

उत्तर शोधायला बाल्कनीत जाऊया. कुंडीत जुईचा वेल आहे. पानं पिवळी पडतायत, कळ्यांचा पत्ता नाही. आपण काय करतो? पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी परत पाणी. मग कुठल्याशा रीलमध्ये पाहिलेलं खत. चार दिवसांनी कुंडीची जागाच बदलतो. वेल आणखी मलूल!

पिवळी पानं बऱ्याचदा पाणी जास्त झाल्याची खूण असते. कुंडीच्या तळाचं भोक बुजलं, की पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वेल तहानलेला दिसतो. आणि आपण अजून पाणी ओततो. खतात नत्र जास्त झालं, तर वेल पानांनी भरतो, फुलं मात्र येत नाहीत.

मग ही काळजी खोटी होती का? नाही. पण तिचं लक्ष उद्याच्या फुलांकडे होतं, आणि समोरचा वेल बघायचा राहून गेला. पाणी घातलं की "मी काहीतरी केलं" असं वाटून आपल्यालाच बरं वाटतं. मला वाटतं, श्लोक इथेच सावध करतो. फळाची घाई कर्मच बिघडवते.

फळ बाजूला ठेवलं, की करण्यासारखं नेमकं काय ते दिसू लागतं. बोट दोन इंच मातीत घालायचं. ओलं लागलं, तर आज पाणी नाही. सुधारणा दिसेना, तर वेल अलगद बाहेर काढून मुळं बघायची. काळी, मऊ पडलेली कापायची, टणक, पांढरट ठेवायची. भुसभुशीत माती, मोकळं भोक. नवी मुळं धरली, की रोजचं पाच-सहा तास ऊन. तगला, तर हिवाळा सरताना छाटणी, कारण जुईला फुलं नव्या फुटीवर येतात.

छाटल्यावर वेल काही आठवडे बोडका दिसतो. हे दिवस सगळ्यात अवघड. हात शिवशिवतात. पण याच श्लोकाच्या शेवटी म्हटलंय, की कर्म न करण्याचाही मोह नको. म्हणजे थांबायचं, पण पाठ फिरवून नाही. रोज जायचं, बघायचं, माती चाचपायची. जास्त वेळा काही न घालता परत यायचं.

माणसांचंही असंच नाही का? नोकरी गेलेल्या मित्राला आपण दिवसातून पाच मेसेज करतो, "काही झालं का?" ऑपरेशन झालेल्या आईला दर तासाला विचारतो, "आता बरं वाटतंय ना?" तिला "हो" म्हणावंच लागतं, नाहीतर आपला चेहरा पडतो. आजारी ती, आणि धीर आपल्याला द्यायचा! त्यापेक्षा शेजारी नुसतं बसलो, तर तिला खरंच काय हवंय ते कळेल.

आणि एवढं करूनही वेल नाही जगला तर? फांदीची साल नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवं दिसलं, तर जीव आहे. सगळ्या फांद्या बुडापर्यंत कोरड्या असतील, तर बहुतेक गेला. वाईट वाटेल, वाटू द्या. श्लोक फुलांची हमी देत नाही. पण तुम्ही त्या वेलाकडे नीट पाहिलंत, त्याला हवं ते दिलंत. तेवढाच आपला अधिकार होता आणि तो पुरता वापरला गेला.

आजचा अभ्यास: ज्याची काळजी वाटतेय, त्याच्यासाठी काही करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा, ऐका. मग ठरवा, पाणी हवंय की नाही.

जय हरी!