कोणीं न पाहिलेला अपराध

वेगाची आवड हा दुर्गुण आहे कीं नाहीं, हा प्रश्न हल्लीं घरोघर निघतो. मुलाच्या हातीं मोटारीची किल्ली दिली कीं आईचा जीव टांगणीला लागतो. आणि वांद्र्यापासून दहिसरपर्यंत जाणाऱ्या पश्चिम द्रुतगति महामार्गावर, किंवा घाटकोपर-मुलुंडकडील पूर्व द्रुतगति महामार्गावर, मध्यरात्रीनंतर सुसाट जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ज्यानें ऐकिला आहे, त्यास तिची काळजी अनाठायीं आहे असें म्हणवणार नाहीं. अशा स्थितींत मोटारी जलद हांकण्याचा खेळ खेळावा काय, आणि त्यांत नीतीला कांहीं जागा राहते काय, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. या खेळांत आम्ही स्वतः हौसेनें भाग घेतों; तेव्हां आमचें मत अगदीं निःपक्षपाती आहे, असा दावा आम्ही करीत नाहीं.

या खेळास ऑटोक्रॉस म्हणतात. इंग्लंडांत हा शब्द गवताच्या किंवा मातीच्या शेतांतील शर्यतीस लावितात; अमेरिकेंत डांबरी पटांगणावर हा खेळ चालतो. आम्ही ज्या रीतीविषयीं बोलत आहों तींत मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आंखलेली असते. या शंकूंस मैदानावर सर्वजण ‘कोन’ म्हणतात, आणि आम्हीही तसेंच म्हणूं. एका वेळीं एकच गाडी सुटते. शेजारीं प्रतिस्पर्धी नसतो. स्पर्धा असते ती घड्याळाशीं, आणि तें सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब ठेवितें. कोन पाडला, किंवा त्याच्या जागेवरून हलविला, तर आपल्या वेळेंत दंड मिळविला जातो. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या १९४४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांत तो दर कोनामागें दोन सेकंदांचा आहे. आपल्या देशांत मोटार-क्रीडेचें नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’ ही संस्था करिते; आणि मुंबईंत मोटारवाल्यांनीं एकत्र येणें ही तर जुनीच गोष्ट आहे, कारण ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ १९१९ सालीं निघाली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या मतें वेगांत पाप नाहीं. पाप आहे तें आपल्या हौसेचा धोका दुसऱ्याच्या माथीं, त्यास न विचारतां, मारण्यांत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आमच्या उपनगरांतील जुहूच्या विमानतळावर उतरले. त्या उड्डाणांत धोका होता. पण तो उडणाऱ्यानें जाणून-बुजून स्वतःच्या शिरावर घेतलेला होता, म्हणून त्यास आपण साहस म्हणतों. गाडीचा वेग दुप्पट झाला कीं तिच्या आघाताची शक्ति चौपट होते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत १६ मीटरांहून अधिक अंतर तोडते. अंधेरीस रस्ता ओलांडणारी बाई हें गणित मांडून घरांतून निघालेली नसते, आणि तिची संमति कोणीं विचारलेलीही नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८९ वें कलम राज्य सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं मोटारींच्या शर्यती लावण्यास मनाई करितें, तें आम्हांस याच कारणास्तव न्याय्य वाटतें. रिकाम्या मैदानावर मात्र जो धोका पत्करतो तोच तो भोगतो. आणि तेथें वाटेंत उभे असतात ते केवळ कोन.

यावर कोणी असें म्हणेल कीं, “मैदानावर लागलेली वेगाची चटक रस्त्यावर येणार नाहीं कशावरून?” हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. त्याचें उत्तर नियमांच्या पुस्तकांत नाहीं. तें आम्हांस कसें मिळालें, हें सांगावयाचें तर आमच्याच एका लाजिरवाण्या गोष्टीची कबुली दिली पाहिजे.

गेल्या हिवाळ्यांत एका क्लबाच्या मेळाव्यासाठीं आम्ही पहांटेस बोरिवलीहून निघालों. गाडी आमची रोजचीच, कचेरीस नेण्याची. गाडींत सुटी वस्तु ठेवण्यास मनाई असल्यामुळें पाण्याच्या बाटल्या, छत्र्या व सुटें चाक तेवढें मैदानाच्या कडेला काढून ठेविलें. तिसऱ्या फेरींत, शेवटून दुसऱ्या वळणावर, गाडीच्या मागच्या बाजूस कांहीं तरी लागल्याचा आवाज आम्हांस आला. आरशांत पाहिलें तों नुसता धुरळा. कोनाभोंवतीं फक्कीची रेघ मारलेली असते आणि कोन तिच्याबाहेर गेला कीं दंड लागतो. धुरळा बसल्यावर तेथील राखणदारानें एक कोन उचलून जागेवर ठेविला; पण तो कोणत्या गाडीनें सरकविला हें त्यास उमगलें नसावें. तक्त्यावर आमच्या नांवापुढें दंड नव्हता, आणि आम्ही तिसरे होतों.

मनुष्याचें मन स्वतःच्या वकिलीस फार लवकर उभें राहतें. “खडा उडून लागला असेल, कोन आधींच्या गाडीनें हलला असेल, आणि पाहणें हें राखणदाराचें काम आहे, आमचें नव्हे.” हे सर्व युक्तिवाद आम्हीं चहाचा एक पेला संपेपर्यंत स्वतःस पटवून दिले.

या खेळांत अशी एक चांगली चाल आहे कीं, ज्यांच्या फेऱ्या झाल्या त्यांनीं पुढें इतरांचे कोन उचलावयाचे. त्याप्रमाणें दुपारीं आम्ही एका वळणावर उभे राहिलों. एक विशींतला मुलगा आपली फेरी संपवून चालत आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, त्या पलीकडच्या वळणावर माझा कोन सरकलाय. तुमच्या नजरेंतून सुटला असेल, लिहून घ्या.” आम्हीं लिहून घेतलें. मग आमची पाळी संपतांच वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थांच्या टेबलाशीं गेलों व सकाळची हकीकत सांगितली. त्यांनीं मानही वर न करितां दोन सेकंद मिळविले. तिसऱ्याचे आम्ही नववे झालों. त्या मुलानें न बोलावितां जें केलें, तें आम्हीं त्याच्याकडून शिकून उशिरा केलें; म्हणून यांत आमची प्रौढी कांहीं नाहीं.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत लिडिया देशांतील एका मेंढपाळाची कथा आहे. त्यास अदृश्य करणारी अंगठी सांपडते आणि तिच्या बळावर तो राजास मारून राज्य बळकावितो. अशी अंगठी मिळाल्यावरही कोणी न्यायानें वागेल काय, असा तेथें प्रश्न आहे. आपल्या लोकांनीं या भयास्तवच चित्रगुप्ताची वही कल्पिली असावी. आज ती अंगठी दुर्मिळ राहिलेली नाहीं. धुरळा, काळी कांच, मध्यरात्र, पोलीस नसलेला नाका हीं सर्व तिचींच रूपें होत. हौशी खेळाचें महत्त्व आम्हांस येथें दिसतें. बक्षीस म्हणजे एक लहानसा पेला. त्यावर कोणाची चूल पेटत नाहीं. जेथें लाभ इतका क्षुद्र, तेथें लबाडीस गरजेची सबबही उरत नाहीं, आणि मनुष्यास आपलें मन उघडें पाहतां येतें. कोन ओरडत नाहीं, तक्रार करीत नाहीं. त्याची साक्ष देणारा पुष्कळदां त्यास धक्का देणाराच असतो. ज्यास मुक्या कोनाचा हिशेब देण्याची संवय लागली, त्यास रस्त्यावरील जिवंत माणसाचा विसर पडणें कठीण. ज्यानें तो हिशेब चुकविला, त्यानें मैदानावर वेग कमावला असेल; दुसरें कांहीं कमावलें नाहीं.

हा खेळ खेळणारे सर्वच सज्जन होतात, असें आमचें म्हणणें नाहीं. त्या रात्रीं परत येतांना गोरेगांवापाशीं एका नाक्यावर लाल दिवा लागला. रस्ता चहूंकडे रिकामा होता. आम्ही थांबलों, तों मागच्या गाडीवाल्यानें भोंगा वाजविण्यास आरंभ केला. सकाळीं चहाबरोबर स्वतःस ऐकविलेली वकिली आम्हांस त्या भोंग्यांत पुन्हां ऐकूं आली.

म्हणून मुलाच्या हातीं किल्ली देणाऱ्या आईबापांस आमची एवढीच विनंति आहे. तो मैदानावरून घरीं आला म्हणजे त्याचा कितवा नंबर आला हें मागाहून विचारावें. आधीं हें विचारावें कीं आज किती कोन पडले, आणि ते कोणीं मोजले.