उरलेले वीस रुपये

वारंगा फाट्यावर एसटी थांबली की निम्मी गाडी गरम खिचडीकडे वळते आणि निम्मी पुढची गाडी गाठायला पळते. एक रस्ता नांदेडला, एक हिंगोलीला, एक हदगावमार्गे नागपूरकडे. या धांदलीत तिकिटामागे कंडक्टरने पेनाने लिहून दिलेले वीस रुपये घ्यायचे राहून जातात, आणि प्रवासी तोवर दुसऱ्या गाडीत बसलेला असतो. गावात लबाडी फार दिवस पचत नाही, पारावर चर्चा होतेच. फाट्यावरचा माणूस मात्र पुन्हा भेटेलच असे नाही. माणसाची पारख खरी इथेच होते.

बायबलमधले यरीहो असेच वाटेवरचे गाव, यार्देन ओलांडून यरुशलेमेला जाणाऱ्यांचे. जक्कय तिथला मुख्य जकातदार. ठेंगणा म्हणून तो उंबरावर चढला, एवढेच संडे स्कूलच्या पोरांच्या लक्षात राहते. मोठ्यांनी त्याचा हिशेब पाहावा. येशू घरी आल्यावर तो ना रडला, ना 'वरून वसुलीचा दबाव होता' म्हणाला. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट, असे सरळ आकडेच त्याने सांगितले. मोशेच्या नियमशास्त्रात, गुन्हा कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा भरायचा, असे गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे. चौपट भरपाई मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. म्हणजे जक्कयने सवलतीचा दर सोडून स्वतःला चोराचा दर लावून घेतला!

आपल्याकडे १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी जागृती झाली. मुली ओक्साबोक्शी रडत पापांची कबुली देत होत्या. त्या रडण्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण पुढे आपल्या मंडळ्यांनी त्यातले अश्रू तेवढे उचलले. रविवारी देवापुढे गुडघे टेकायचे आणि ज्याचा बांध कोरला त्याच्या दारात मात्र जायचे नाही, ही आपली सोय. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने ती मोडून काढली आहे: अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

आणि तो भाऊ नागपूरच्या गाडीने निघून गेला असेल तर? गणनाच्या त्याच अध्यायात याचेही उत्तर आहे. भरपाई घ्यायला हक्कदार किंवा त्याचा जवळचा नातलग उरला नसेल, तर ती रक्कम परमेश्वराची, याजकाकडे जमा करायची. ठेवून घ्यायची मुभा कुठेच नाही.

तेव्हा कुणाचे वीस रुपये आपल्याकडे राहिले असतील, तर आधी माणूस शोधा. तो सापडलाच नाही, तर फाट्यावर एखाद्या उपाशी माणसाला पोटभर खिचडी खाऊ घाला, आणि पाचव्या हिश्शाचे चार रुपये वर घालायला विसरू नका.