नमुना कोणाचा, पदवी कोणाची?

बेंगळुरूच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन कुटुंबांना शेतीवस्तीसाठी जमीन दिली आणि १८८२ साली तेथे वस्ती उभी राहिली. तिच्यासाठी खटपट करणाऱ्या डी. एस. व्हाइट यांचे नाव तिला मिळाले. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. तेथेच वैदेही वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि रुग्णाकडून पैसे न घेणारे, २००१ साली सुरू झालेले सत्यसाई रुग्णालयही आहे. कोलार-होसकोटेकडचा शेतमजूर आणि संगणक अभियंता या उपनगरात एकाच रस्त्याने जातात.

प्रिय वाचक, आपला मुलगा किंवा मुलगी अशा एखाद्या गावी वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करू लागली आहे, अशी कल्पना करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीस किमान तीन व सामान्यतः अधिकाधिक सहा वर्षे लागतात. या काळात तिचा दिवस कसा जातो? वॉर्डातून रक्त, लघवी, थुंकी, जखमेतील पू यांचे नमुने येतात. ते पोषक थरावर पसरून रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी उगवलेल्या जंतूंची ओळख पटवायची, त्यांच्यावर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवायच्या आणि चकतीभोवती किती मिलिमीटरपर्यंत वाढ थांबली ते मोजायचे. डॉक्टरांस अहवाल गेला की रुग्णाचे काम संपते. परंतु संशोधिकेचे काम तेथून सुरू होते, कारण तो जंतू शून्याखाली ७० अंशांत, एका क्रमांकाच्या कुपीत, वर्षानुवर्षे ठेवला जातो. अशा दोनशे-तीनशे कुप्यांतून प्रबंध उभा राहतो.

येथे प्रश्न उद्भवतो. ज्याच्या देहातून तो जंतू आला, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

बर्गेन येथील डॉ. हॅन्सन यांना १८७३ साली महारोगाचा जंतू दिसला. पण तो कृत्रिम माध्यमात वाढेना. आजही वाढत नाही. रोग जंतूमुळेच होतो हे सिद्ध करण्याच्या ध्यासाने १८७९ साली त्यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्याच्या अस्तरात, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य सुईने टोचले. तिला आधीच त्या रोगाचा दुसरा प्रकार होता. तिला विचारले मात्र नव्हते. १८८० साली खटला झाला आणि रुग्णालयातील त्यांचे पद गेले. ध्यानात घ्या, हॅन्सन यांचा सिद्धान्त खरा होता. न्यायालयापुढचा प्रश्न सत्याचा नव्हता, त्या स्त्रीला विचारले की नाही एवढाच होता.

याउलट हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे आपणांस अभिमानाने सांगितले जाते, आणि योग्यच आहे. पण त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली, हे कमी सांगितले जाते. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते?

आपल्या संशोधिकेची गोष्ट इतकी भयंकर नाही, हे खरे. ती कोणास सुई टोचत नाही. नमुना उपचारासाठी घेतलेलाच असतो आणि उरलेला भाग एरवी नष्टच झाला असता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ओळख पुसलेल्या अशा उर्वरित नमुन्यांसाठी नैतिक समिती संमतीची अट शिथिल करू शकते. कोणी म्हणेल, जंतू हा रुग्णाचा थोडाच आहे. तो तर त्याचा शत्रू. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक थुंकीसाठी सही मागितली तर फार मोठे उपयुक्त काम थांबेल. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध केले की, ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळातील कार्बापेनेम औषधांना दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हे द्रव्य होते. शेवटची म्हणून राखलेली औषधेही निकामी होऊ लागल्याचे देशाला कळले ते अशा निनावी कुप्यांमुळे.

तरीसुद्धा माझे मत असे की, परवानगीने ऋण फिटत नाही. ओळख पुसणे हे रुग्णाच्या रक्षणासाठी असते, त्याला विसरण्याची ती सवलत नव्हे. दान देणाऱ्याला आपण दान दिले हे ठाऊकच नसेल, तर घेणाऱ्यावरची जबाबदारी वाढते. ती कोठे दिसते? एखादे मोजमाप जुळत नसेल तेव्हा. २०२० च्या नियमांनी एम.एस्सी.-पीएच.डी. झालेल्यांना वैद्यकीय महाविद्यालयांतील या विषयाच्या अध्यापकपदाचे दार बंद केले होते, ते २०२५ मध्ये पुन्हा उघडले. अशा अनिश्चित वाटेवर शिष्यवृत्ती संपत आली असता १६ मिलिमीटरचे १८ करणे फार सोपे असते. त्याने कोणताही रुग्ण तत्काळ मरत नाही. पण त्या आकड्यावर विसंबून उद्या कोणी तरी औषध लिहील. विषय निवडतानाही तेच. ज्या प्रश्नाचे उत्तर त्या वॉर्डाला हवे आहे तो घ्यावा, की ज्यावर निबंध लवकर छापून येईल तो?

आणि आपण, वाचक, यात केवळ प्रेक्षक नाही. त्याच मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीत डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ असतो, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र किंवा ईश्वरविज्ञान जाणणारी व्यक्ती असते, आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य नागरिकही असतो. आपल्यातील शिक्षक, पाळक, निवृत्त कारकून यांना असे बोलावणे येऊ शकते. ते आल्यास इंग्रजी शब्दांनी दबून जाऊ नका. संमतिपत्र कन्नडमध्ये आहे काय, निरक्षर रुग्णाला ते कोण वाचून दाखवतो, त्याने नकार दिला तर त्याच्या उपचारात फरक पडणार नाही हे त्याला कोणत्या शब्दांत सांगतात, आणि पदवी मिळाल्यावर त्या कुप्यांचे काय होणार, हे विचारा.