सोन्याचा नकाशा

खोट्या आशेवर जगणाऱ्याला खरे सांगावे की न सांगावे? वर्गात हा प्रश्न मी कधी घेतला नाही. मी भूगर्भशास्त्र शिकवीत असे, नीतिशास्त्र नव्हे. तो मला गाठून भेटला ॲरिझोनात. मुलीकडे गेलो होतो, तेव्हा तिने फीनिक्सच्या पूर्वेचा सुपरस्टिशन डोंगर दाखवायला नेले.

डोंगर पाहून मी हरखलो, हे कबूल करतो. आपला सह्याद्री पातळ, वाहत्या लाव्हाचा. थरावर थर निजलेला. हा मात्र रागीट! सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी इथले ज्वालामुखी फुटले, तप्त राखेचे लोट उसळले, आणि पोट रिकामे होताच वरचे छत खाली कोसळून प्रचंड कढई झाली. राख आपल्याच उष्णतेने सांधून खडक झाली. आज त्याच खडकाचे कडे वाळवंटातल्या निवडुंगांवर उभे आहेत.

असल्या खडकात सोन्याच्या मोठ्या खाणीची आशा जाणकार धरीत नाहीत. परंतु जेकब वॉल्ट्झ नावाचा जर्मन 1891 मध्ये वारला, आणि त्याची गुप्त खाण याच डोंगरात आहे अशी वदंता मागे उरली. 1931 मध्ये ॲडॉल्फ रूथ हे वृद्ध गृहस्थ ती शोधायला गेले. काही महिन्यांनी त्यांची कवटी सापडली. 2010 च्या जुलैत तिघे गेले. त्यांचे अवशेष पुढच्या जानेवारीत मिळाले. शिवाय 1984 पासून तिथे खाणीचा नवा दावा करायलाच बंदी आहे!

पायथ्याच्या दुकानात एक म्हातारा खाणीचा नकाशा विकत घेत होता. बायको गेल्यापासून हाच एक विचार मनात आहे, म्हणाला. जुलैत निघणार होता. माझ्या मुलीने कौतुकाने माझा धंदा सांगितला, तशी त्याने नकाशा माझ्यापुढे पसरला. "तुम्हांला काय वाटते?"

उत्तर जिभेवर होते. पण शास्त्र 'नाहीच' असे म्हणत नाही, 'संभव फार थोडा' एवढेच म्हणते. आणि पायथ्याशीच गोल्डफील्डला 1892 च्या सुमारास खरेखुरे सोने निघाले होते. तेवढ्या फटीतून मी निसटलो. "पाणी भरपूर न्या," म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. त्या क्षणी मी स्वतःला दयाळू समजलो. पण जुलैतले तिथले ऊन मला ठाऊक होते, त्याचे वय दिसत होते. आणि मी वाचवले ते त्याचे स्वप्न की माझा संकोच, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गाडीत मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तिथे मी निघाले असते तर?"