काळ्या पडद्याची साक्ष

ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरला जोडला, रिसीव्हर टीव्हीला जोडला, सगळी बटणे दाबून झाली. स्पीकरांतून आवाज खणखणीत येतो आहे आणि पडदा मात्र काळा. होम थिएटरच्या जोडणीत ही अडचण नेहमीचीच. ती आली की घरातले कुणीतरी लगेच निकाल देऊन मोकळे होते : चित्र दिसत नाही, तेव्हा सिग्नलच येत नसणार. पहिल्या अर्ध्या वाक्यातून दुसरे अर्धे आपोआप निघते असे आपण धरून चालतो, आणि सिद्ध व्हायचे असते ते नेमके तेच. न दिसण्यावरून नसणे ठरवता येते का, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके घासूनपुसून पाहिला, आणि त्याचे दुसरे टोक थेट ईश्वराच्या अस्तित्वापर्यंत जाते. माझे म्हणणे असे की, हा वाद रिसीव्हरमागच्या केबलींच्या गुंत्यात जितका उघडा पडतो, तितका तो पोथीतल्या घट आणि भूतल या ठरलेल्या जोडीत पडत नाही. रिकाम्या जमिनीवर घडा नाही हे कळायला नुसते डोळे पुरतात. काळ्या पडद्यापुढे ते पुरत नाहीत.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या मते अभाव कळतो तो ‘अनुपलब्धि’ या स्वतंत्र प्रमाणाने. इंद्रियांचा संबंध असलेल्या वस्तूशी येतो, नसलेल्या वस्तूशी यायचा कसा? शिवाय सकाळी एका जागी बसलेल्या माणसाला दुपारी कुणी विचारले की, तिथे अमुक गृहस्थ होते का, तर तो आठवून ‘नव्हते’ असे ठामपणे सांगतो. त्या वेळी ती जागा त्याच्या डोळ्यांसमोर नसते आणि सकाळी तर हा प्रश्न त्याच्या मनातही नव्हता. नैयायिकांना वेगळे प्रमाण नको होते. जमीन दिसते तसाच तिच्यावरचा घटाभावही प्रत्यक्षच दिसतो, असे ते म्हणाले, आणि पुढे वैशेषिकांच्या सहा पदार्थांत अभाव हा सातवा पदार्थ म्हणून रुजू झाला. प्रभाकर मीमांसकांनी हे सगळेच उडवून लावले : अभाव म्हणून काही नसतेच, असते ती फक्त मोकळी जमीन. बौद्ध धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानाच्या खात्यात टाकले. एवढी भांडणे असूनही एका अटीभोवती हे बहुतेक सगळे घोटाळत राहतात : वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. त्या योग्यतेशिवाय न दिसण्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभेच करता येत नाही. देशाने, काळाने किंवा स्वभावानेच दूर असलेल्या वस्तूंबाबत न दिसण्यातून फक्त संशय निघतो, निर्णय निघत नाही, हे धर्मकीर्तीने बजावून ठेवले आहे.

आता पडद्याकडे येऊ. तिथे एक नव्हे, दोन अभाव आहेत, आणि गोंधळ होतो तो दोन्ही एकच समजल्याने. पडद्यावर चित्र नाही हा पहिला अभाव. तो नैयायिक म्हणतात तसा सरळ दिसतो. केबलमध्ये सिग्नल नाही हा दुसरा. केबलमधला सिग्नल धर्मकीर्तीच्या भाषेत स्वभावानेच दूरचा, तो असला तरी कुणाला दिसणार नाही. म्हणून पहिल्यावरून दुसऱ्याकडे जायचे तर अनुमान लागते आणि त्याला धड हेतू लागतो. आवाज येतो आहे, त्या अर्थी प्लेअर ते रिसीव्हर हा मार्ग ठीक आहे, असे अनुमान हमखास केले जाते. आवाज आणि चित्र एकाच एचडीएमआय केबलने येत असेल तर ते बरेचसे खरे. पण आवाजासाठी वेगळी ऑप्टिकल केबल लावली असेल, तर स्पीकरांतला गडगडाट चित्राच्या वाटेबद्दल अवाक्षरही सांगत नाही. धूर पाहून अग्नी म्हणावे तसे हे नाही. अग्नी पाहून धूर म्हणण्यासारखे आहे, आणि तिथे ओले सरपण ही उपाधी, म्हणजे जादा अट, लागते हे न्यायाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. रिसीव्हरचा स्वतःचा मेनू टीव्हीवर उमटतो का, ही त्याहून चांगली परीक्षा. उमटला तर रिसीव्हर ते टीव्ही हा टप्पा सुटला. नाही उमटला तर? तर पुन्हा योग्यतेचाच प्रश्न. २००५च्या आसपासचे कित्येक रिसीव्हर आपला मेनू एचडीएमआयवर दाखवतच नसत, जुन्या पिवळ्या सॉकेटवर दाखवत. तिथे मेनू न दिसणे हे कशाचेच प्रमाण नाही.

प्रभाकरांचा पक्ष इथे अधिक जोरकस करून मांडता येईल. कुणी म्हणेल की, चित्राचा अभाव वगैरे काही नाही, समोर आहे तो काळा पडदा, एवढेच बोला. पण काळा पडदा दोन तऱ्हांचा असतो. एकात टीव्ही स्वतःच ‘नो सिग्नल’ अशी पाटी फिरवतो. दुसऱ्यात पाटी नसते, मागचा दिवा पेटलेला असतो, पडद्याला किंचित राखाडी उजाळा असतो. या दुसऱ्या पडद्यावर बहुधा सिग्नल पोचलेला असतो, फक्त तो काळ्या चित्राचा असतो. चित्रफीत दाखवण्याची परवानगी जुळली नाही की काही यंत्रे मुद्दाम काळेच पाठवतात. चित्र दोन्हीकडे नाही आणि कारणे परस्परविरोधी. प्रभाकर उत्तर देतील की, फरक पाटीत आणि उजाळ्यात आहे, तो भावरूपच आहे. ते मान्य. पण त्या पाटीचा अर्थ लावायचा तर ‘कशाचा अभाव’ हे विचारावेच लागते, आणि तो प्रश्न विचारला की नैयायिकांचा प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव आहे ती वस्तू, मागच्या दाराने घरात येतोच.

अभावाचे जे चार प्रकार पाठ करून घेतले जातात ते या खोलीत कोरडे राहत नाहीत. नव्या टीव्हीवर उपकरण बदलल्यावर चित्र यायला काही सेकंद लागतात. तो प्रागभाव, आणि त्या सेकंदांत धीर सुटून पुन्हा बटण दाबणारा माणूस तो लांबवत बसतो. चित्र येऊन मध्येच गेले तर प्रध्वंसाभाव. प्लेअरची केबल ज्या सॉकेटात आहे ते सॉकेट रिसीव्हरवर निवडलेल्या नावाशी जोडलेले नसेल, तर तो एकाला दुसरे समजण्याचा घोटाळा, अन्योन्याभावाच्या हद्दीतला. सर्वांत जास्त वेळ खातो तो अत्यंताभाव. जुना डीव्हीडी प्लेअर हिरव्या-निळ्या-लाल अशा तीन कंपोनंट केबलींनी रिसीव्हरला जोडायचा आणि रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंत एकच एचडीएमआय केबल न्यायची, ही जोडणी दिसायला निर्दोष. पण आत आलेले अॅनालॉग चित्र डिजिटल करून एचडीएमआयवर पाठवण्याची सोय अनेक रिसीव्हरांत नसते. ती नसेल तर त्या केबलमध्ये ते चित्र कधी नव्हते, आज नाही, उद्याही नसेल. उलट दिशेला, म्हणजे डिजिटल चित्र अॅनालॉग मार्गाने न्यायला, तर वाट जवळपास बंदच. ब्लू-रेच्या संरक्षण-करारातच तरतूद होती की, २०१० नंतर बनलेल्या प्लेअरांनी अॅनालॉग मार्गाने फक्त कमी दर्जाचे चित्र द्यावे आणि २०१३ नंतर बनलेल्यांनी तेही देऊ नये. इथे केबली बदलत बसणारा माणूस वायूत रूप शोधतो आहे. वायूत रूपाचा अत्यंताभाव हे तर शास्त्रातलेच उदाहरण.

नव्यन्यायाची सूक्ष्मता अनेकांना शब्दांचा फापटपसारा वाटते. मला वाटते, तिची कसोटी २०२० साली फार चांगली लागली. एचडीएमआय २.१ मानकाचे पहिले रिसीव्हर तेव्हा बाजारात आले होते. त्यांतल्या काही नामांकित रिसीव्हरांतून एक्सबॉक्स सीरीज एक्स हा गेमिंग कन्सोल फोर-के चित्र सेकंदाला १२० फ्रेम या वेगाने पाठवू लागला की पडदा काळा होई. कन्सोल थेट टीव्हीला जोडला की चित्र व्यवस्थित. त्याच रिसीव्हरमधून प्लेस्टेशन ५चे चित्रही व्यवस्थित. सरळ अन्वय-व्यतिरेक लावणारा म्हणेल की, प्लेस्टेशनचे चित्र जाते त्या अर्थी रिसीव्हर निर्दोष, दोष एक्सबॉक्सचा. प्रत्यक्षात दोष रिसीव्हरमधल्या एचडीएमआय चिपचा होता. दोन्ही कन्सोल सिग्नल वेगवेगळ्या स्वरूपात पाठवत होते आणि चिपला त्यांतले एकच नीट हाताळता येत होते. म्हणजे ‘चित्राचा अभाव’ हे वर्णनच ढोबळ होते. अभाव होता तो विशिष्ट वेगाच्या, विशिष्ट स्वरूपाच्या चित्राचा, आणि त्या बाबतीत रिसीव्हरची योग्यता कुणी तपासलीच नव्हती. प्रतियोगी कोणत्या धर्माने अवच्छिन्न, म्हणजे मर्यादित, आहे ते सांगा, हा नैयायिकांचा हट्ट इथे चैनीचा राहत नाही. विशिष्टाभावाबद्दलही त्यांनी सांगितले आहे की, दंडधारी पुरुष नाही म्हणजे दंड नसेल, पुरुष नसेल, किंवा दोन्ही असून त्यांचा संबंध नसेल. प्लेअर, रिसीव्हर, टीव्ही तिन्ही सुटे सुटे धडधाकट आणि जोडले की चित्र नाही, हा तिसरा पर्याय. यंत्रे एकमेकांना आपली ओळख सांगतात, टीव्ही आपली क्षमता एका छोट्या तक्त्यात कळवतो, रिसीव्हर त्यात आपल्या आवाजाची क्षमता मिसळून तो तक्ता पुढे देतो, आणि साखळीतल्या एकालाही एचडीसीपी २.२ ही संरक्षणाची आवृत्ती समजत नसेल तर फोर-के चित्र उतरते किंवा अडते. अशा वेळी दोष कोणत्या डब्यात आहे हा प्रश्नच नीट विचारलेला नसतो.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे. दुरुस्तीवाला येतो, केबल बदलतो, चित्र येते. कुमारिल आणि नव्यन्यायाचे गंगेश त्याच्या वाटेत आले नाहीत आणि त्याचे काही अडलेही नाही. काम झाले हे खरे, पण केबल खराब होती हे त्यातून सिद्ध होत नाही. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटची पिन ‘कुणीतरी जोडले गेले’ एवढी वर्दी देण्यासाठी आहे. केबल उपसून पुन्हा खोचली की ती वर्दी नव्याने जाते आणि दोन्ही यंत्रे ओळखीचा सगळा सोपस्कार पहिल्यापासून करतात. नवी केबल लावताना हे आपसूक घडते. जुनीच केबल काढून परत लावली असती तरी कदाचित चित्र आले असते, आणि ती परीक्षा न करता जुनी केबल कचऱ्यात टाकणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्यावर कावळ्याला दंड करणे. आठवड्याने चित्र पुन्हा गेले की नव्या केबललाही शिव्या बसतात. ज्ञान नसताना यश मिळू शकते, हे नैयायिकांना अमान्य नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, योगायोगाने खरे ठरलेले अनुमान हे प्रमाण नव्हे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. योग्यता तपासल्याशिवाय न दिसण्यावर विश्वास नको म्हणता, तर ज्या दुसऱ्या टीव्हीने पहिला तपासायचा त्याची योग्यता कोण तपासणार? त्यासाठी तिसरा टीव्ही आणला तर त्याची? ही अनवस्था आहे आणि तिच्यातून निघायला शुद्ध तर्काची वाट नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त अनुमानावरच्या संशयाला जे उत्तर दिले तेच इथे लागू पडते : संशयाची धाव माणसाच्या स्वतःच्या कृतीशी व्याघात येईपर्यंतच. शेजारून आणलेल्या टीव्हीवर कालपर्यंत चित्र दिसत होते यावर ज्याचा खरोखर विश्वास नसेल, तो तो टीव्ही उचलून आणायचे कष्टच घेणार नाही. उत्तर पूर्ण समाधान करणारे नाही. कृती आपण अर्धवट विश्वासावरही करतो, आणि वेदान्ती श्रीहर्षाने पुढे उदयनांचे हेच शब्द त्यांच्यावर उलटवले होते. तरीही तपास कुठेतरी टेकवावा लागतो, आणि अगोदर खात्री पटलेल्या वस्तूवर तो टेकवणे हे मनाला येईल तिथे टेकवण्यापेक्षा बरे.

उदयनांचे नाव निघाले ते केवळ टीव्हीसाठी नव्हे. दहाव्या-अकराव्या शतकातल्या मिथिलेच्या या पंडितापुढे चार्वाकाचा दावा होता की ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही. त्यांनी उत्तर दिले ते योग्यतेचेच. न दिसणे एवढेच पुरत असेल तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले नाहीतच असे समजून रडत बसावे. ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगाच नसेल, तर त्याच्या न दिसण्यातून काहीही सिद्ध होत नाही. इथे श्रद्धावान वाचक खूष होतो आणि मला वाटते, जरा लवकरच होतो. काळा पडदा सिग्नलचा अभाव सिद्ध करत नाही, याचा अर्थ सिग्नल आहे असा होत नाही. केबल कशात खोचलीच नसेल तरी पडदा तितकाच काळा असतो. योग्यतेची अट निषेधाचा पुरावा काढून घेते, विधानाच्या बाजूने मात्र पैही जमा करत नाही. ईश्वर ही काही रिसीव्हरमधून जाणारी वस्तू नव्हे, ही तुलनाच हीन आहे, असे कुणी म्हणेल. तुलना ईश्वराची नाहीच. इथे पाहायचे आहे ते अनुपलब्धीला पुरावा कधी म्हणावे, आणि तो नियम प्रतियोगी लहान की थोर हे पाहत नाही.

फरक पुढे आहे, आणि तो मोठा आहे. केबलमधला न दिसणारा सिग्नल दिसण्याजोगा करता येतो. चांगला टीव्ही आणला, प्लेअर थेट जोडला, चित्राचा दर्जा उतरवून पाहिला की योग्यता निर्माण होते, आणि मग न दिसणेसुद्धा बोलू लागते. ईश्वराच्या बाबतीत असा खात्रीचा पडदा कोणता, याचे उत्तर योगी देतील, भक्त देतील आणि मीमांसक दोघांनाही हसतील. उदयनांना हे पुरते ठाऊक असावे, कारण चार्वाकाचा निषेध खोडून ते तिथे थांबले नाहीत. जग हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता लागतो, हे अनुमान त्यांनी ग्रंथाच्या शेवटच्या, पाचव्या स्तबकात वेगळे उभे केले. ते अनुमान टिकते का, घटाला लागणारा कुंभार पर्वताला लागतो असे म्हणण्यात कुठली उपाधी लपली आहे का, यावर बौद्धांनी त्यांच्या आधी आणि नंतरही रान उठवले. त्या भांडणात कोणत्याही बाजूला बसता येईल. न दिसणाऱ्याच्या नावाने मात्र तिथे कुणालाच जागा अडवता येत नाही, ना चार्वाकाला, ना त्याला हरवल्याच्या आनंदात असलेल्या आस्तिकाला.