अमृत कोणाच्या हातातून आलं?

॥ श्री गुरवे नमः ॥



पावसाळा लागला की आपल्या फॅमिली ग्रुपवर गुळवेलीचे मेसेज सुरू होतात. "रोज उपाशीपोटी काढा घ्या, एकही आजार जवळ येणार नाही." "साखरेची गोळी कायमची बंद." आणि खाली, "अकरा जणांना पाठवा." मागच्या पंधरवड्यात लिंबायतच्या एका ताईंनी विचारलं, "दादा, सासरे दोन महिन्यांपासून काढा घेताहेत आणि डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बंद केल्यात. म्हणतात, घरात अमृत असताना गोळी कशाला? त्यांची श्रद्धा मोडायची नाही, पण भीती वाटते." असा प्रश्न आज बऱ्याच घरांत आहे, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

सासरे म्हणतात ते नाव खरं आहे. गुळवेलीला आयुर्वेदात अमृता म्हणतात, गुडूची म्हणतात. इथे सुरतेत गुजराती शेजारी तिला गळो म्हणतात, आणि कडुलिंबावर चढलेली गळो उत्तम मानतात. आपल्याकडेही तसंच मानतात. भावप्रकाशात तिची कथा आहे. रावण पडला, पण रामाची वानरसेनाही रणात मरून पडली होती. इंद्राने अमृताचा वर्षाव केला, वानर उठून बसले, आणि त्यांच्या अंगावरून जे थेंब जमिनीवर गळाले तिथे ही वेल उगवली. तापावर, अंगातली कडकी काढायला, आजारातून उठलेल्या माणसाला उभारी यायला वैद्य ती शेकडो वर्षं देत आले आहेत. चरकाने बुद्धीला बळ देणाऱ्या चार रसायनांत तिचा रस सांगितला आहे. तेव्हा गुळवेलीला कमी लेखायला मी हे लिहीत नाही.

पण कथा अर्धी ऐकायची नसते. अमृत मुळात आलं कुठून? समुद्रमंथनातून. त्याच समुद्रातून आधी हलाहल निघालं होतं हे विसरू नका. आणि अमृत वर आलं ते लाटेवर तरंगत आलं नाही. धन्वंतरी कलश हातात धरून वर आले. म्हणजे अमृत जगात आलं तेच मुळी वैद्याच्या हातातून! देव-दानवांनी एवढा समुद्र घुसळला, पण कलश धरायला वैद्यच लागला. मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये कलश दिसतो. तो धरणारा हात कोणाचा, ते मात्र कळत नाही.

कोरोनाच्या काळात हे फार जवळून पाहिलं. घराघरांत काढ्याचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. भीती होती, त्यात कोणाला दोष द्यायचा? त्याच काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांकडे सहा रुग्ण आले, कावीळ झालेले, यकृताला इजा झालेली. सगळे गुळवेल घेत होते. काहींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. २०२१ मध्ये ते संशोधन छापून आलं तेव्हा केंद्राच्या आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की गुळवेल सुरक्षित आहे, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे नीट तपासलेलं नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेलही असू शकते. तशी वेल खरोखर आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची, तिच्या खोडावर ठळक गाठी असतात. वाद मोठ्यांचा आहे, तो आपण सोडवायला जाऊ नये. पण दोन्ही बाजूंचं ऐकलं तर आपल्या घरापुरतं एवढं कळतंच की कोणती वेल, कोणाला, किती आणि किती दिवस, हे जाणत्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. रस्त्यावरून कुंपणाची वेल तोडून आणणाऱ्याला यातलं काय माहीत असणार?

आता ताईंच्या सासऱ्यांबद्दल. ताई, सुनेने सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, आणि वादही होईल. मुलाने सांगावं, किंवा त्यांच्या वयाच्या एखाद्या गुरुबंधूला घरी बोलवा. श्रद्धेवर एक शब्द बोलू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या आणि रिपोर्ट त्यांच्याच हातात द्या. मग डॉक्टरांकडे न्या आणि काढ्याचं पाकीटही सोबत न्या, लपवू नका. गुळवेलीने साखर उतरू शकते, त्यामुळे गोळ्या परत सुरू करताना काढाही चालू असेल तर घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. दोन्हीचं गणित डॉक्टरांनाच करू द्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, जेवण नकोसं झालं, तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि दवाखाना गाठा. ज्यांना यकृताचा त्रास आहे, संधिवात किंवा तसा प्रतिकारशक्तीचा आजार आहे, ज्या ताई गरोदर आहेत, त्यांनी मनाने सुरूच करू नये. डॉक्टरांची गोळी घेतली म्हणून महाराज रागावतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी महाराजांना फार लहान केलं.

"मग दादा, गुळवेल सोडून द्यायची का?" नाही, लावायची.

तिचं अजून एक नाव आहे, छिन्नरुहा. तोडली तरी पुन्हा उगवणारी. वरून तोडलेली वेल झाडावर नुसती लोंबकळत राहते, सुकत नाही. तिथूनच दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली सोडते, रोज थोडी थोडी, जमीन सापडेपर्यंत. आडवी कापा, आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात.

आपल्यातली किती घरं अशीच आहेत! नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून ताप्ती लाईनच्या गाडीने आलो. कोणी पांडेसऱ्यात लूमवर लागलं, कोणी उधन्यात मिलमध्ये. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगमध्ये त्याच गाड्यांना लोंबकळत गावाकडे पळालो, आणि पुन्हा आलो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी घराघरांत शिरलं, गाळ उपसला, पुन्हा चूल पेटवली. जमीन लांब होती, पण धरायला काहीतरी होतं. कोणाला एक खोली देणारा मामा होता, कोणाला गुरुवारची आरती होती. वेलीला मूळ खाली पोचेपर्यंत झाडाने धरून ठेवावं लागतं. नामस्मरण आपल्याला तसं धरून ठेवतं. साखर उतरवायचं काम त्याच्याकडे मागू नका, ते काम औषधाचं आहे.

येत्या गुरुवारी आरतीनंतर गुळवेलीच्या कांड्या मिळतील. वेल वैद्यांनी पाहून ओळखलेली आहे. बोटाएवढी जाड, वीतभर लांब कांडी न्या, दोन पेरं मातीत आणि दोन वर राहतील अशी लावा, माती ओलसर ठेवा पण पाणी साचू देऊ नका. अंगणात कडुलिंब असेल तर त्याच्या बुंध्याशी, नसेल तर गॅलरीच्या जाळीला चढवा. ज्यांच्या घरी कोणी गोळ्या बंद केल्या असतील त्यांनी संकोच न करता त्या दिवशी थोडं लवकर यावं, बसून बोलू.

॥ शुभं भवतु ॥